त्या रस्त्यावर माणसं असतात का?

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये पहाटे फिरायला निघणाऱ्या बायका पुष्कळ आहेत. किसननगर, श्रीनगर, अंबिकानगर, इंदिरानगर, लोकमान्यनगर, कुठूनही साडेपाचच्या सुमाराला दोघी-तिघी बाहेर पडताना दिसतात. आमचाही एक गट आहे. बहुतेक जणी नोकरीवाल्या, काही निवृत्त, एक-दोन कॉलेजच्या मुली. आठवडाभर चालणं, रविवारी जमेल तिने सायकल. रस्ते ठरवायचं काम माझ्याकडे आलं, कारण मला नकाशांची पहिल्यापासून ओढ आहे. गूगल मॅप्स, स्ट्रावा, कोमूट, ओस्मँड, ऑर्गॅनिक मॅप्स ही सगळी ॲप्स मी मनापासून वापरते. त्यांच्यामुळे राहत्या भागातल्या कितीतरी गल्ल्या मला नव्याने कळल्या. पण ही ॲप्स जिथे घडली तिथली चालणारी माणसं वेगळी, त्यांची पहाट वेगळी. आमच्या पहाटेसाठी ती कशी वापरायची, हे आम्हाला इथल्या रस्त्यांनी शिकवलं.

१. शांत रस्ता हा चांगला रस्ता असेलच असं नाही

रस्ता सुचवणारं ॲप आतून एक बेरीज करत असतं. नकाशातल्या प्रत्येक तुकड्याला ते ‘खर्च’ लावतं. मोठा, वर्दळीचा रस्ता असेल तर खर्च जास्त. पायवाट, गल्ली, कमी वाहनांचा रस्ता असेल तर कमी. मग ज्या मार्गाची बेरीज सगळ्यात कमी येते तो तुमच्यापुढे निळ्या रेघेत येतो. युरोपातल्या एखाद्या गावात हे हिशेब बरोबर ठरत असतील. वागळे इस्टेटमध्ये पहाटे साडेपाचला ते उलटे पडतात.

हा भाग कारखान्यांसाठी आखलेला. १ ऑगस्ट १९६२ रोजी यशवंतराव चव्हाणांच्या अध्यक्षतेखाली इथेच झालेल्या एका छोट्या समारंभाने एमआयडीसीचा, म्हणजे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा, जन्म झाला. रस्ते ट्रकसाठी केलेले, म्हणून रुंद. आणि पुष्कळांना नावांऐवजी आकडे: रोड नंबर १६, रोड नंबर २२, रोड नंबर २८. या मुख्य रस्त्यांना जोडणारे आतले रस्ते ॲपला फार आवडतात, कारण तिथे वाहन नसतं. पण तिथे दोन्ही बाजूंना लांबच लांब भिंत असते, रात्री लावून ठेवलेले ट्रक असतात, त्यांच्या आड काय आहे ते दिसत नाही, आणि कुत्र्यांची टोळी असते. हाक मारली तर ऐकायला कुणी नाही.

म्हणून मी रेघ आखताना आधी माणसं शोधते. कामगार हॉस्पिटलचं फाटक रात्रभर जागं असतं. दुधाच्या गाड्या कुठे उभ्या राहतात, पेपरचे गठ्ठे कुठे सोडतात, पाववाला कोणत्या वळणावरून सायकल काढतो, पहिली चहाची टपरी किती वाजता पेटते, हे सगळे माझे दिवे आहेत. ॲपच्या बेरजेत यांच्यासाठी रकानाच नाही. तो आपण भरायचा. थोडा लांबचा, थोडा गोंगाटाचा, पण माणसांचा रस्ता आम्ही घेतो, आणि ॲपने सुचवलेली निळी रेघ बोटाने ओढून तिकडे आणतो. काही ॲप्समध्ये रेघ अशी ओढता येते. फार थोडे लोक ती ओढतात.

२. जतन केलेल्या रस्त्याच्या नावात वेळ लिहा

रायलादेवी तलावाकडून रोड नंबर २२च्या सर्कलकडे जाणारा रस्ता साडेपाचला एक असतो, पावणेसातला पहिल्या पाळीच्या गर्दीत दुसरा, आणि दहाला ऑफिसच्या गाड्या, रिक्षा आणि पासपोर्ट ऑफिसला आलेली माणसं यांच्यात तिसराच. सुटीच्या दिवशी तो चौथा होतो: दुकानं बंद, फाटकं बंद, माणूस विरळ. ॲपमध्ये मात्र ती एकच रेघ. म्हणून माझ्या यादीत रस्त्यांची नावं अशी आहेत: ‘रायलादेवी, पहाट, कामाचा दिवस’, ‘रायलादेवी, रविवार, सातनंतर’. गटात नवी कुणी आली तरी तिला नाव वाचूनच कळतं.

३. हीटमॅपवर अंधार असला तरी तिथे सायकली असतात

२००९ साली सुरू झालेल्या स्ट्रावाचा हीटमॅप पाहण्यासारखा असतो. लोकांनी नोंदवलेल्या चालण्या-धावण्या-सायकलींच्या रेघा एकमेकींवर चढून नकाशा उजळतो. सूर्यास्त ते सूर्योदय एवढ्याच वेळचा वेगळा हीटमॅपही आता त्यांनी पैसे भरणाऱ्यांसाठी दिला आहे, आणि बायकांनी तो जरूर पाहावा. आमच्याकडे उपवन तलाव आणि येऊरचा चढ झगझगतो. कारखान्यांमधले रस्ते फिके.

आता पाळीच्या वेळी त्याच फिक्या रस्त्यांवर उभं राहा. काळ्या दणकट सायकली, कॅरिअरला डबा, हँडलला पिशवी. वर्षानुवर्षं तोच रस्ता, पावसातही. या सायकलस्वारांच्या खिशात फोन आहे, पण नोंद करायला त्यांना कुणी सांगितलेलं नाही, आणि कामावर जाण्याची नोंद कशाला करायची, असं त्यांना वाटलं तर ते बरोबरच आहे. वागळेत खऱ्या अर्थाने रोज सायकल चालवणारा माणूस या नकाशात नाही. म्हणून हीटमॅपवरचा अंधार पाहून ‘इथे कुणी सायकल चालवत नाही’ असा निष्कर्ष काढू नये. महापालिकेने तर मुळीच काढू नये. सायकल ट्रॅक कुठे हवा हे ठरवताना शनिवार-रविवारच्या हेल्मेटवाल्यांइतकंच त्या डबेवाल्या सायकलींनाही मोजलं पाहिजे, हे मी ठासून सांगते.

आम्ही विचारतो. फाटकावरच्या वॉचमनला, टपरीवाल्याला, सायकलवरून उतरणाऱ्या दादांना. एकदा एका आतल्या रस्त्याबद्दल विचारलं, तर वॉचमनकाका म्हणाले, “ताई, तिकडनं नका जाऊ. भिंतीमागं लाइट नाही, आणि नाल्यावरचं झाकण हलतंय.” एवढी अचूक माहिती कोणत्या ॲपने दिली असती?

४. हायवे ओलांडायला नकाशात वेळच लागत नाही

वागळेच्या आणि नौपाड्याच्या मध्ये पूर्व द्रुतगती महामार्ग आहे. तीन हात नाका, नितीन कंपनी, कॅडबरी: या तीन जंक्शनांशिवाय चालणाऱ्याला पलीकडे जायचा धड मार्ग सापडणं कठीण. नकाशात दोन रेघा एकमेकींना छेदल्या की ॲपला वाटतं, रस्ता मिळाला. उड्डाणपुलाखालचा अंधार, वाहनांचे अचानक येणारे झोत, दुभाजकावरची जाळी, मेट्रो ४च्या कामाचे आज इथे तर उद्या तिथे सरकणारे पत्रे, यांपैकी काहीच त्या छेदबिंदूत नसतं.

आमचा नियम साधा आहे. मोठा रस्ता एका फेरीत दोनदाच ओलांडायचा, जाताना आणि येताना, आणि तोही सिग्नलवर. ॲपने पलीकडच्या तलावपाळीला जायला याहून जास्त वेळा ओलांडायला लावलं, तर ती रेघ आम्ही मोडतो. सायकलवाल्यांनी महामार्गाचा सर्व्हिस रोड धरावा, आणि तिथेही उलट्या दिशेने येणाऱ्या मोटरसायकली गृहीत धरूनच.

५. येऊर

हा सगळ्यात मोठा धडा, म्हणून इथे थोडी रेंगाळते. लोकमान्यनगर-वर्तकनगरकडून पोखरण रोड नंबर १ धरला की उपवन, आणि उपवनापासून येऊरचा चढ. आमच्या भागातून सायकलने सहज जाण्यासारखं. ठाण्याच्या प्रत्येक सायकलवाल्याने पहिला घाम तिथे गाळलेला असतो. वर गेलं की संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल, सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या अरण्याची ही पूर्वेकडची बाजू. हवाई दलाचं ठाणंही याच डोंगरावर. आणि पाटोणपाडा, जांभूळपाडा असे आदिवासी पाडे, जिथे माणसं आपल्या कितीतरी आधीपासून राहत आली आहेत.

ॲप उघडलं की या जंगलात पायवाटांचं जाळं दिसतं. इथे दोन गोष्टी नीट समजून घ्यायला हव्यात. पहिली: ओपनस्ट्रीटमॅपसारख्या खुल्या नकाशाची रीत अशी आहे की जमिनीवर वाट असेल तर ती काढायची, आणि तिथे जायला परवानगी आहे की नाही हे वेगळ्या खुणेने लिहायचं. ती खूण कुणी लिहिलेली नसेल, तर ॲप ती वाट खुली समजून तुम्हाला नेतं. दुसरी: हीटमॅपवर वाट उजळलेली दिसली याचा अर्थ कुणीतरी तिथून गेलं एवढाच. त्याला परवानगी होती का, हे उजेड सांगत नाही. राष्ट्रीय उद्यानात वाट आहे म्हणून जाता येतं असं नसतं. वनखात्याला विचारायचं, चौकीवर सांगतील ते मानायचं.

आणि बिबट्या. तो मुख्यतः रात्री आणि संधिप्रकाशात हिंडतो. म्हणजे नेमक्या आमच्या फिरण्याच्या वेळेला. त्याचं घर आहे ते; वेळ आपण बदलायची. म्हणून येऊरला आम्ही उजाडल्यावरच चढतो, डांबरी रस्ता सोडत नाही, एकटीदुकटी मागे राहत नाही, आणि सांज व्हायच्या आत खाली असतो. काही ॲप्समध्ये सूर्योदयाची वेळ दिसते, ती पाहून निघायची वेळ ठरवता येते. हा त्यांचा फार चांगला उपयोग.

पावसाळ्याच्या सुरुवातीला पाड्यावरच्या बायका शेवळं, टाकळा, करटोली घेऊन बसतात. त्यांच्याकडून भाजी घेताना मी मोबाईलवरची एक वाट दाखवली. मावशींनी फोन हातात न घेताच विचारलं, “वहाळ ओलांडते ना ती?” मी म्हटलं, “हो मावशी.” “मग पाऊस लागला की आम्ही पन नाय जात तिथून. वर पडला की खाली कळत नाय.” डोंगरावर झालेल्या पावसाचं पाणी खाली लख्ख ऊन असताना लोंढ्याने येऊ शकतं. नकाशात त्या ठिकाणी फक्त एक निळी आणि एक तुटक रेघ एकमेकींना छेदतात. मावशींच्या वाक्यानंतर त्या छेदावर आमच्या नकाशात लाल खूण आहे, आणि जून ते सप्टेंबर आमच्यापैकी कुणी तिकडे फिरकत नाही.

६. चढाचा आकडा सैल हाताने धरा

ॲप सांगतं, या फेरीत इतके मीटर चढ. बऱ्याच ॲप्सच्या उंचीच्या माहितीचं एक मोठं मूळ म्हणजे फेब्रुवारी २००० मधली एंडेव्हर अंतराळयानाची ११ दिवसांची मोहीम, जिने रडारने पृथ्वीच्या जमिनीचा सुमारे ८० टक्के भाग मोजला. जगाच्या कल्याणाचं काम होतं ते. पण त्या मोजणीत साधारण ३० मीटरला एक आकडा मिळतो, आणि रडार झाडांच्या शेंड्यांवरून, इमारतींच्या छपरांवरूनही परततं. त्यानंतर आपल्याकडे किती टॉवर उभे राहिले, किती उतार कापले गेले! म्हणून सपाट रस्त्यावर खोटा चढ दिसतो, उड्डाणपुलाचा खरा चढ दिसत नाही.

चालायच्या वेळेचा हिशेबही असाच जुना. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली मांडलेला नियम: तीन मैलांना एक तास, आणि दोन हजार फूट चढाला आणखी एक तास. आजही कितीतरी नियोजन या नियमाच्या आधारावर होतं. तो धडधाकट डोंगरी माणसासाठी होता. साठीतल्या, गुडघे धरलेल्या बाईसाठी, मे महिन्यातल्या ठाण्याच्या घामात, त्याच्या दीडपट वेळ धरावा. आमच्या गटात वेळ सगळ्यात हळू चालणाऱ्या मैत्रिणीच्या पायांनी ठरते.

७. घराचं दार नकाशावर दाखवू नका

हे मुलींना मी पुन्हा पुन्हा सांगते. रोज एकाच दारातून निघालेली आणि एकाच दारात संपलेली रेघ सगळ्यांना दिसेल अशी ठेवली, तर तुम्ही कुठे राहता, किती वाजता बाहेर पडता, किती वाजता घर रिकामं असतं, हे सगळं उघडं होतं. स्ट्रावामध्ये घराभोवतीचा भाग झाकायची सोय आहे. ती पहिल्याच दिवशी चालू करा. जानेवारी २०१८ मध्ये त्यांच्याच हीटमॅपवरून परदेशांतले लष्करी तळ ओळखू आल्याची बातमी जगभर गाजली होती. सैनिकांनी फक्त धावण्याची नोंद ठेवली होती. म्हणूनच येऊरला हवाई दलाच्या हद्दीजवळून जाताना आमची नोंद बंद असते.

जगाला दाखवायची रेघ वेगळी आणि घरच्यांना दाखवायची वेगळी. घरच्यांसाठी व्हॉट्सॲपचं लाइव्ह लोकेशन पुरेसं: १५ मिनिटं, १ तास किंवा ८ तास. आम्ही १ तास लावतो.

८. पावसाळ्यासाठी कागद

ओल्या बोटांना स्क्रीन दाद देत नाही. नकाशा आधीच ऑफलाइन उतरवून ठेवा, फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत, आणि वळणांची चिठ्ठी खिशात. साचलेल्या पाण्यातून चालायचं नाही, मग ॲप काहीही म्हणो.

९. नकाशा आपणच भरायचा असतो

२००४ साली इंग्लंडमध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी ओपनस्ट्रीटमॅप सुरू केला: कुणीही भरावा, कुणीही वापरावा असा नकाशा. आज कोमूट, ओस्मँड, ऑर्गॅनिक मॅप्स त्याच्यावर उभी आहेत. स्ट्रावाही तो वापरतं. म्हणजे वागळेतल्या एका गल्लीची माहिती आपण त्यात नीट लिहिली, की ती या सगळ्यांत पोचते. आपल्याकडे नकाशे बनवण्यावर पूर्वी परवानग्यांचं मोठं ओझं होतं. फेब्रुवारी २०२१ च्या केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांनी ते बरंच उतरलं.

लिहायचं कसं, याची धास्ती वाटायचं कारण नाही. अँड्रॉइड फोनवर स्ट्रीटकम्प्लीट नावाचं ॲप आहे. तुम्ही जिथे उभ्या असाल तिथले प्रश्न ते विचारतं. या रस्त्यावर दिवे आहेत का? हा डांबरी आहे की काँक्रीटचा की पेव्हर ब्लॉकचा? इथे फूटपाथ आहे का? या पायऱ्यांना कठडा आहे का? उत्तर बोटाने निवडायचं, झालं. आमच्यातल्या इंग्रजीला बिचकणाऱ्या काकूंनीही हे केलं, कारण प्रश्न मराठीत वाचून दाखवायला शेजारी कुणीतरी होतीच.

दिव्यांचा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो. ओस्मँडमध्ये दिवे असलेले रस्ते नकाशावर वेगळे दाखवायची सोय आहे. आम्ही पहाटे जाता-येता आमच्या रस्त्यांची उत्तरं भरत गेलो, आणि हळूहळू त्या नकाशात आमची पहाट दिसू लागली: हा रस्ता उजेडाचा, हा अंधाराचा. खांब आहे पण दिवा बंद, अशा जागा वेगळ्या वहीत लिहून आम्ही वॉर्ड ऑफिसला दिल्या. नकाशाचा कागद सोबत जोडला की अर्जाला वजन येतं. ‘आमच्याकडे अंधार असतो’ याच्याऐवजी ‘या दोन फाटकांच्या मध्ये, या बाजूला’ असं दाखवता येतं.

डोंबिवलीला माझी मावसबहीण आहे. ठाकुर्लीच्या नव्वद फुटी रस्त्यावर तिच्याकडच्या बायका सकाळी चालतात. तिनेही आता तिथली उत्तरं भरायला घेतली आहेत. फोनवर आमच्या गप्पा हल्ली भाजीवरून सुरू होऊन खांबांवर येतात.

१०. पाणी, बाकडं, स्वच्छतागृह

रामनवमीला मुंबई-ठाण्याकडून साईंच्या कितीतरी पालख्या पायी शिर्डीला जातात. आमच्या गटातल्या एक काकू अशा पदयात्रेला जाऊन आलेल्या. त्यांच्याकडे मंडळाचा छापील कागद आहे: मुक्काम कुठे, दुपारचा विसावा कुठे, पाणी कुठे, चहा कोण देणार. त्यात अंतरं आहेत, पण सगळ्यात आधी थांबे आहेत. पंढरीच्या वारीचीही आखणी मुक्कामांनीच होते. कुठे टेकायचं हे ठरलं, की माणूस तिथवर चालतो. माझ्या मते मोबाईलवर रस्ता आखणाऱ्या प्रत्येकाने असा एक कागद आधी पाहावा.

आम्ही तसंच करतो. आधी स्वच्छतागृह, जे पहाटे खरंच उघडं असतं आणि जिथे बाईला आत जाववतं. मग पाणी. मग बसायला कट्टा किंवा बाकडं. या तीन खुणा नकाशावर टाकल्या की त्यांना जोडणारी रेघ आपोआप तयार होते, आणि ती बहुतेक वेळा माणसांच्याच रस्त्यांवरून जाते. बायकांना बाहेर चालायचं असेल तर स्वच्छतागृह ही पहिली गरज आहे. ते नाही म्हणून किती जणी घराबाहेर पडत नाहीत, हे आमच्यातल्या प्रत्येकीला ठाऊक आहे, आणि तरी ते मोठ्याने बोललं जात नाही. खुल्या नकाशात स्वच्छतागृहाची जागा, उघडण्याची वेळ, पैसे लागतात की नाही, हे सगळं लिहिता येतं. वागळेत ते फार थोड्या ठिकाणी लिहिलेलं आहे. किसननगर ते रोड नंबर १६ एवढा पट्टा सध्या आम्ही वाटून घेतला आहे. प्रत्येकीने आपापल्या वाटेवरच्या स्वच्छतागृहाची पहाटेची वेळ स्वतः जाऊन पाहायची आणि मगच भरायची.